संशयाचा फायदा

कवठे महांकाळ तालुक्यात पाऊस कमी आणि पेन्शनर जास्त, असे आम्ही बँकेत गमतीने म्हणत असू. गंमत बाजूला ठेवली तरी त्यामागे एक सरळ हिशेब होता. म्हैसाळ योजनेचे पाणी या शिवारांत पोचण्यापूर्वी अग्रणी नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असायची, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवायच्या, आणि चार एकर जिराईत जमिनीवर तीन भावांचा संसार चालत नसे. शेजारच्या खानापूर-आटपाडीची माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. कोणी कोयता घेऊन उसाच्या फडावर गेले. आणि ज्या पोराची छाती मापात बसत होती, ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला गेले. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्याला ही वाट काही नवी नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. त्या गावाला आजही लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात.

नव्वदच्या दशकात मी या तालुक्यात बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. नोव्हेंबर उजाडला की हयातीचे दाखले द्यायला आलेल्या निवृत्त जवानांची, हवालदार-सुभेदारांची सकाळपासून दारात रांग लागे. धुतलेला पांढरा सदरा, खिशाला पेन, हातातल्या पिशवीत पेन्शन बुक. ही रांग कधी वाकडी होत नसे आणि तिच्यात कोणी मध्ये घुसत नसे. आता दाखला मोबाइलवरूनही देता येतो. २०२१ पासून संरक्षण खात्याची पेन्शन टप्प्याटप्प्याने 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेकडे गेली. ती नोव्हेंबरची रांग आता पुष्कळ ओसरली आहे.

पण मला आज लिहायचे आहे ते त्या रांगेत कधीच उभे न राहिलेल्या माणसांविषयी. तेही फौजेत होते, त्यांनीही शपथ घेतली होती. कोणाला सातव्या वर्षी फिट आली, कोणाच्या मनाचा तोल गेला, कोणाचा गुडघा कामातून गेला. मेडिकल बोर्डासमोर उभे करून त्यांना घरी पाठवण्यात आले. गावाच्या भाषेत 'बोर्डावर आला'. सोबत एक पत्र आले आणि त्या पत्राने त्यांची पेन्शन नाकारली. त्या पत्राविरुद्ध अपील करता येते, आणि अपिलात अशा कितीतरी माणसांना न्याय मिळाला आहे. हे त्यातल्या अनेकांना कळले ते फार उशिरा, आणि काहींना कधी कळलेच नाही.

दोन परिच्छेदांचे पत्र

१९९६ साली तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावातला तेहतीस वर्षांचा माणूस म्हशीच्या कर्जासाठी माझ्यापुढे येऊन बसला. अर्जात 'इतर उत्पन्न' या रकान्यात त्याने आडवी रेघ मारली होती. आधी काय करत होता, असे विचारल्यावर म्हणाला, "मिल्ट्रीत व्हतो सायेब, नऊ वर्सं." मग पेन्शन? तो नुसताच हसला आणि पिशवीतून डिस्चार्ज बुक काढून माझ्यापुढे ठेवले. त्यात चारित्र्यापुढे सर्वोत्तम शेरा होता. बुकाच्या शेवटच्या पानात, देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी, चार घड्या घातलेले एक पत्र होते.

पत्र इंग्रजीत, दोन परिच्छेदांचे. पहिल्या परिच्छेदात लिहिले होते की, आपला आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. तो प्रकृतिगत स्वरूपाचा आहे. सबब अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर करण्यात येत आहे. दुसऱ्या परिच्छेदात एकच वाक्य होते. हा निर्णय मान्य नसल्यास सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल.

पत्र १९९१ सालचे होते. पोस्टमनने ते वाचून त्याला "पेन्शन न्हाई म्हनत्यात" एवढेच सांगितले होते. दुसरा परिच्छेद त्याने पहिल्यांदा ऐकला तो माझ्या टेबलापाशी, पाच वर्षांनी. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायेब, प्रकृतीच खराब असती तर भरतीला घेतलं असतं का? पळवलं, छाती मोजली, दात बघितलं, कानात ब्याटरी मारली. शेप वन म्हनून शिक्का मारला. सात वर्सं काय न्हाई. मग बर्फात ड्युटी लागली आन् रातच्या पाऱ्यावर पयली फिट आली."

मी त्या आठवड्यात संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर त्याच्यासाठी अपील लिहिले. दोनेक महिन्यांनी उत्तर आले की, अपील मुदतीबाहेर आहे, सबब विचार करता येत नाही. त्याला म्हशीचे कर्ज मात्र मिळाले आणि त्याने ते मुदतीत फेडले.

ज्यांच्या घरात कोणी फौजेत नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. जवानाला सर्वसाधारण पेन्शन मिळायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. आजारामुळे किंवा इजेमुळे आधीच घरी पाठवले आणि तो आजार सेवेशी जोडलेला ठरला, तर नोकरी कितीही कमी असली तरी अपंगत्व पेन्शन मिळते. तिचे दोन भाग असतात, एक सेवेचा आणि एक अपंगत्वाचा. आजार सेवेशी जोडलेला नाही असे ठरले आणि नोकरी दहा वर्षांच्या आत असली, तर एकरकमी ग्रॅच्युइटी घेऊन विषय संपे. २०२० साली सरकारने दहा वर्षांची ही अट शिथिल केली, पण ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठीच. म्हणजे नऊ वर्षे नोकरी केलेल्या माझ्या या कर्जदाराचे उभे आयुष्य त्या पत्रातल्या एका वाक्यावर फिरले होते. 'सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेला नाही.' इंग्रजी आद्याक्षरे जुळवून या शेऱ्याला 'नाना' म्हणतात. आपल्या घरात हे एखाद्या वडीलधाऱ्याचे नाव असते.

शिपायाचे म्हणणे आणि कायद्याचे म्हणणे

त्या माणसाने माझ्या टेबलापाशी मांडलेला युक्तिवाद अडाणी नव्हता. नियमपुस्तकात तोच होता. अपंगत्व पेन्शनसाठी १९८२ साली केलेल्या पात्रता नियमांत स्पष्ट लिहिले होते की, भरतीच्या वेळी नोंद झालेली नसेल तर जवान शरीराने आणि मनाने निरोगी होता असे गृहीत धरायचे. आणि पुढे वैद्यकीय कारणावरून त्याला काढावे लागले, तर प्रकृतीतला तो बिघाड सेवेमुळेच झाला असे मानायचे. नववा नियम त्याहून पुढे जातो. आपला हक्क सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. रास्त शंकेला जागा असेल तर तिचा फायदा त्याला मिळेल. आघाडीवरच्या सेवेत असलेल्याला तर अधिक उदारपणे.

'संशयाचा फायदा' हा शब्दप्रयोग आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. चोरीच्या, मारामारीच्या, खुनाच्या खटल्यातून आरोपी सुटला की बातमीत तो हमखास येतो. तोच फायदा कायद्याने आजारी शिपायालाही देऊन ठेवला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फरक इतकाच की, आरोपीला तो पहिल्याच न्यायालयात मिळतो आणि शिपायाला तो मागायला अपिलात जावे लागते.

ही कल्पना आपलीच आहे असेही नाही. इंग्लंडात माजी सैनिकांची घोषणा होती की, नोकरीला लायक तो पेन्शनला लायक. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ साली, तिथे पेन्शन अपिलांसाठी न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि सिद्ध करण्याचा भार जवानाकडून सरकारकडे गेला. पुढे लॉर्ड म्हणून गाजलेले न्यायमूर्ती डेनिंग तेव्हा या अपिलांचे काम पाहत. शंका किती म्हणजे 'रास्त', याविषयी त्यांनी १९४७ साली एका पेन्शनच्या प्रकरणात केलेले विवेचन आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या अपिलांसाठी १९३३ पासून स्वतंत्र मंडळ आहे; पण त्या मंडळाच्या निर्णयावर न्यायालयात दाद मागण्याची सोय व्हायला १९८८ साल उजाडले. तिथेही पुरावा दोन्ही बाजूंना सारखा असेल तर पारडे सैनिकाकडे झुकवायचे, असा नियम आहे.

आपल्याकडे पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून कमावलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा यांच्या प्रकरणात सांगितले. त्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. तेव्हापासून १७ डिसेंबर हा पेन्शनर मंडळी 'पेन्शनर दिन' म्हणून पाळतात. बँकेतल्या आम्हा लोकांनाही तो निकाल पाठ होता, कारण आमचीही पेन्शन पुढे यायची होती.

तत्त्व असे स्वच्छ आणि नियम असा उदार. तरी 'नाना'चा शिक्का पडतच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात बजावले की, प्रत्यक्ष तपासणी केलेल्या वैद्यकीय मंडळाचे मत पेन्शन मंजूर करणाऱ्या कचेरीने रुग्ण न बघता परस्पर फिरवू नये. म्हणजे तेही होत होते. मंडळाने अपंगत्व मान्य केले, तरी कागदावर बसलेला कोणी ते कमी करू शकत होता.

मग आले धरमवीर सिंग यांचे प्रकरण. सिग्नल्सचा हा जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि सुमारे नऊ वर्षांनी, १९९४ मध्ये, फिट येतात म्हणून घरी पाठवला गेला. अपंगत्व वीस टक्के, शेरा तोच. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांपुढे तो जिंकला, खंडपीठापुढे हरला, आणि २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकला. न्यायालयाने १९८२ च्या नियमांतले एकेक वाक्य उलगडून सांगितले. भरतीच्या नोंदीत आजार नाही ना? मग तो सेवेत आला असे धरा. तसे नाही असे वैद्यकीय मंडळाला म्हणायचे असेल, तर आजार भरतीच्या वेळी का कळू शकला नाही, याची कारणे मंडळाने लिहायला हवीत. नुसते 'प्रकृतिगत' म्हणून चालणार नाही. २०१५ साली राजबीर सिंग यांच्या निकालात हेच सूत्र आणखी काही जवानांना लागू झाले.

कवठे महांकाळच्या त्या माणसाने १९९६ मध्ये दोन मिनिटांत जे विचारले होते, तेच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायद्याच्या भाषेत विचारले. प्रकृती खराब होती तर भरतीला घेतले कसे?

नाही म्हणणाऱ्याला मेमो येत नाही

नियम इतका सरळ असताना कचेऱ्या नाही का म्हणत असतील? माझ्या कादंबरीतला प्रसंग असता तर मी तिथे एखादा दुष्ट अधिकारी बसवला असता. पण पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला माहीत आहे की, असा कोणी तिथे नसतो. तिथे ऑडिट असते. चुकीने पैसे दिले, तर ऑडिटमध्ये शेरा येतो, खुलासा द्यावा लागतो, प्रसंगी बढती अडते. पण द्यायला हवे होते ते दिले नाही म्हणून कोणाला मेमो आल्याचे मी उभ्या नोकरीत पाहिले नाही. देणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार आणि नाकारणारा निर्धास्त, अशी रचना एकदा झाली की शंकेचा फायदा आपोआप तिजोरीला मिळतो. त्यासाठी कोणी वाईट असण्याची गरज नसते.

दुसरे असे की, जिंकलेला निकाल ज्याच्या नावाने लागला त्याच्या दारी जातो. शेजाऱ्याच्या दारी तो चालत जात नाही. त्याच आजाराच्या, त्याच शेऱ्याच्या दुसऱ्या जवानाला पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. त्यातून सरकार जिंकलेल्या जवानाविरुद्ध वर अपील करते. २०१४ च्या डिसेंबरात राम अवतार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा सरकारी अपिलांचा मोठा गठ्ठा एकत्र निकालात काढला. तो वाद टक्केवारीचा होता. १९९६ पासून अशी सवलत लागू होती की, पन्नास टक्क्यांच्या आतले अपंगत्व पेन्शनसाठी पन्नास टक्के धरायचे, त्यापुढचे पंचाहत्तर आणि त्याहीपुढचे शंभर. सरकारचे म्हणणे, ही सवलत मुदतीपूर्वी घरी पाठवलेल्यांनाच. न्यायालय म्हणाले, पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यालाही.

यात किती पैशांचा प्रश्न असतो, तेही सांगतो. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, या प्रमाणात अपंगत्वाचा भाग ठरतो. समजा पगार चाळीस हजार होता, तर पूर्ण अपंगत्वाचे बारा हजार. वीस टक्क्यांचे त्यातून चोवीसशे. तेच पन्नास धरले तर सहा हजार. दरमहा छत्तीसशेचा हा फरक. सांगली-मिरजेच्या औषधाच्या दुकानात आणि शाळेच्या फीत त्याला फार मोठी किंमत असते.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी तज्ज्ञांची एक समिती नेमली. खात्याचे आपल्याच माणसांशी चाललेले खटले कमी कसे करावेत, हे तिने सांगायचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचा अहवाल आला. अपंग सैनिकांविरुद्धची अपिले सरकारने लढवत बसू नयेत, असा त्याचा रोख होता. तरीही खटले संपले नाहीत.

रात्रभराच्या एस.टी.चे अंतर

पूर्वी अशा दाव्यासाठी उच्च न्यायालयात रिट करावे लागे. सैन्यदल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ साली झाला आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुख्य पीठ दिल्लीला, बाकीची पीठे ठिकठिकाणी. महाराष्ट्र, गुजरात, गोव्यासाठी मुंबईला. पीठावर एक न्यायिक सदस्य असतो, बहुधा उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश, आणि एक सेनादलातला निवृत्त वरिष्ठ अधिकारी. कायदा जाणणारा आणि बर्फातली ड्युटी जाणणारा, असे दोघे शेजारी बसतात. ही कल्पना चांगली आहे. खात्यात आधी पहिले अपील करायचे, मग दुसरे, आणि तिथेही नकार आला तर सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे यायचे, अशी वाट. उशिराचे सबळ कारण दिले तर न्यायाधिकरण तो माफही करू शकते.

माझा तो म्हशीचा कर्जदार २०१६ साली या वाटेने गेला. मिरजेत स्थायिक झालेल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी त्याची पिशवी ताब्यात घेतली, कागद लावले, वकील गाठून दिला. कवठे महांकाळहून मुंबई म्हणजे रात्रभराची एस.टी. पहाटे उतरायचे, स्टँडवर तोंड धुवायचे, तारखेला उभे राहायचे आणि रात्री परत. फिटचा आजार असलेल्या माणसाला एकटे पाठवता येत नाही म्हणून दर खेपेला बायको बरोबर. चार खेपा झाल्या. एका खेपेला पीठ बसलेच नव्हते.

निकाल त्याच्या बाजूने लागला. भरतीच्या नोंदीत आजार नाही, मंडळाने कारणे लिहिलेली नाहीत, धरमवीर सिंग निकाल लागू. अपंगत्व पन्नास टक्के धरून पेन्शन आयुष्यभर. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांची.

या तीन वर्षांचेही कारण आहे. पेन्शन न देणे ही दरमहा नव्याने होणारी चूक आहे, म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंग यांच्या प्रकरणात मान्य केले. दार उघडे राहिले, हा त्या निकालाचा उपकार. पण त्याच निकालाने मागची बाकी साधारण तीन वर्षांपुरती आखली, आणि पुढच्या कितीतरी निकालांत ती मोजपट्टी वापरली गेली. त्या माणसाची पेन्शन १९९१ ला सुरू व्हायला हवी होती. बाकी मिळाली २०१३ पासूनची. मधली बावीस वर्षे कुठल्याच खात्यात जमा नाहीत. त्या बावीस वर्षांत त्याच्या थोरल्या मुलीची शाळा सातवीत सुटली आणि वाटणीतला एक एकर गेला. पेन्शनचा पहिला आकडा पासबुकात छापून आला तेव्हा त्याने मला फोन केला. "सायेब, लागली," एवढेच म्हणाला. मी अभिनंदन केले. त्यावर तो म्हणाला, "मुदतीत कुनी वाचून दावलं असतं तर..." आणि वाक्य तसेच ठेवले.

त्याची कहाणी अपवादात्मक आहे असे कोणाला वाटू नये. सियाचीनवर राहून आलेल्या आणि फिट येते म्हणून १९८९ साली घरी पाठवलेल्या बिजेंदर सिंग या जवानाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो २०२५ साली. भरती झालेले पोर मधल्या काळात म्हातारे होते.

दुसरी बाजू

सरकारची बाजूही ऐकायला हवी. प्रत्येक आजार नोकरीमुळेच होतो असे नाही. पन्नाशीला आलेला रक्तदाब किंवा मधुमेह कचेरीत बसणाऱ्यालाही होतो. निवृत्तीच्या तोंडावर अशा आजारांवर अपंगत्व मिळवणारे, त्यातही वरच्या हुद्द्यावरचे, नसतातच असे कोणी म्हणणार नाही. न्यायालयानेही प्रत्येक वेळी जवानाच्या पारड्यात माप टाकलेले नाही. मनोविकाराच्या एका प्रकरणात, नरसिंग यादव यांच्या, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय मंडळाचे मत उचलून धरले. काही मनोविकार भरतीच्या तपासणीत दिसतच नाहीत, हे त्याचे कारण. रजेवर घरी आलेल्या जवानाला झालेल्या अपघाताचेही तसेच. १९९९ साली मदन सिंग शेखावत यांच्या प्रकरणात, रजेवर येताना रेल्वेतून उतरताना हात गमावलेल्या जवानाला पेन्शन मिळाली. २०११ च्या जुझार सिंग निकालात, रजेच्या काळात गावाकडे झालेला अपघात सेवेशी जोडता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने पात्रतेचे नवे नियम आणले, तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. ते त्यानंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. जुन्या माणसाचा दावा त्याच्या काळच्या नियमानेच बघितला जायला हवा.

हे सगळे मान्य केले तरी मूळ प्रश्न उरतोच. खोटा दावा करणारा चार शहाण्यांचा सल्ला घेऊनच येतो, त्याला अपिलाची मुदत पाठ असते. 'नाही' या शब्दावर विश्वास ठेवून घरी बसतो तो खरा माणूस. हुकूम पाळायचा, वरच्याला उलट विचारायचे नाही, हे त्याला फौजेनेच शिकवलेले असते. सरकारी पत्र हाही त्याच्या लेखी हुकूमच. अपील म्हणजे उलट बोलणे, असे समजणारे दोन-तीन जण तरी मला बँकेत भेटले आहेत.

तालुक्याच्या गावी करता येण्यासारखे

सुदैवाने काही अंतरे कमी होत आहेत. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग मधली काही वर्षे वादात सापडला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये तो मोकळा असल्याचे सांगितले. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्यासह सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ च्या जुलैत सैनिक कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. जिल्हा सैनिक कार्यालयांतच मोफत कायदेशीर मदतीची केंद्रे, ही तिची कल्पना. सांगलीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. वकिलाची फी नाही म्हणून घरी बसण्याचे दिवस संपावेत, अशी अपेक्षा करायला हरकत नाही.

पण केंद्र सांगलीला असले तरी पत्र वाडीवर येते. म्हणून ज्यांच्या घरात, भावकीत किंवा शेजारी कोणी 'बोर्डावर आलेला' आहे, त्यांना एक विनंती. ती जुनी काळी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद, नकाराचे पत्र, जे असेल ते बाहेर काढा. पत्रावरची तारीख बघा आणि कोणी शिकलेल्याकडून ते पूर्ण वाचून घ्या, शेवटच्या ओळीपर्यंत. मेडिकल बोर्डाचे कागद नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून प्रत मागता येते. माहिती अधिकारही आहे. भरतीच्या वेळची वैद्यकीय श्रेणी काय होती आणि मंडळाने कारणे लिहिली आहेत की नुसता शेरा मारला आहे, या दोन गोष्टी आधी पाहायच्या. जवान हयात नसेल तरी त्याच्या पत्नीने गप्प बसू नये. नवऱ्याच्या हयातीतली बाकी वारसाला मागता येते. तिचे नाव फौजेच्या कागदावर माहेरचे आणि आधारकार्डावर सासरचे असेल, तर ते आधी एकसारखे करून घ्यावे. अर्ध्या विधवांची प्रकरणे तिथेच अडलेली मी पाहिली आहेत.

आणि शिकलेल्यांनाही एक विनंती. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, पोस्टमन, बँकेतला कारकून, यांच्यापैकी कोणाच्या तरी हातात असे पत्र केव्हा ना केव्हा येतेच. 'पेन्शन न्हाई म्हनत्यात' एवढे सांगून ते परत देऊ नये. दुसरा परिच्छेद वाचून दाखवावा, आणि त्यातली सहा महिन्यांची तारीख त्याच्या घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून द्यावी.